प्रकाशकांच्या स्वतःच्या जाहिराती : जुन्या कॉमिक्समधील ‘पुढील अंक’, याद्या आणि कूपने

संगममाहुली

नमस्कार. जुन्या कॉमिक्सवर आपण आजवर जे लिहिले, ते बहुतेक कथा, पात्रे आणि चित्रकार यांच्याविषयी होते. या धाग्यात मला प्रकाशकांनी स्वतःच्याच कॉमिक्समध्ये स्वतःच्याच इतर अंकांच्या ज्या जाहिराती केल्या, त्यांच्याविषयी लिहायचे आहे. गोळ्या, बिस्किटे आणि रंगपेट्या यांच्या जाहिराती मी बाजूला ठेवतो. पुढील अंकाची चौकट, उपलब्ध शीर्षकांची यादी, आगामी संचाचे पान, वर्गणीचे कूपन आणि वाचक मंडळाचे निमंत्रण एवढाच माझा विषय आहे.

आमच्या लहानपणी साताऱ्यात इंद्रजाल कॉमिक्सची मराठी आवृत्ती एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर आणि राजवाड्याजवळच्या पेपरवाल्याकडे येत असे. मात्र कोणता अंक येईल आणि कोणता हुकेल, याचा नेम नसे. त्यामुळे हातातल्या अंकात पुढील अंकाची जी चौकट छापलेली असे, तीच पुष्कळदा त्या अंकाशी झालेली आमची पहिली आणि शेवटची भेट ठरे. एक लहान चित्र, शीर्षक आणि दोन-तीन ओळी एवढ्या भांडवलावर मधल्या सुट्टीत संपूर्ण कथा रचली जाई, आणि इंद्रजालचा नायक वेताळ (फँटम) त्या संकटातून कसा सुटला असेल यावर दोन पक्ष पडून वाद शाळा सुटेपर्यंत चाले.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केले, तेव्हा ते मासिक होते. पुढे ते पाक्षिक झाले आणि १९८०च्या दशकात साप्ताहिक झाले. आमच्या एकाच घरात हा बदल दिसतो. माझ्या थोरल्या चुलतभावाने ज्या चौकटीपुढे महिनाभर वाट पाहिली, तिच्यासाठी मला पंधरवडा थांबावे लागले आणि धाकट्या बहिणीला आठवडा. चुलतभावाला त्या चौकटींतील चित्रे आजही तपशिलाने सांगता येतात, बहिणीला मात्र कथा आठवतात आणि चौकटी आठवत नाहीत. जाहिरात मनात किती खोल रुजते हे तिच्या रेखाटनापेक्षाही वाट पाहण्याच्या मुदतीवर ठरत असावे, असे मला वाटते.

अमर चित्र कथेची गोष्ट निराळी होती. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसमार्फत सुरू केलेल्या या मालिकेत शीर्षकांची क्रमवार यादी छापलेली असे, आणि ती आम्ही कथेइतक्याच एकाग्रतेने वाचत असू. त्या यादीचा आरंभ ११ या क्रमांकाने, ‘कृष्ण’ या अंकाने होई. आधीचे दहा अंक कोठे गेले, हा प्रश्न आमच्या आळीत कित्येक वर्षे उघडा होता. ते दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांच्या अंकांना दिलेले होते, हे पुष्कळ नंतर कळले.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या मात्र रद्दीतून आलेल्या अंकांवरील पेन्सिलीच्या खुणा. आधीच्या मालकाने आपल्याजवळ असलेल्या शीर्षकांपुढे बरोबरची खूण केलेली असे. हव्या असलेल्या शीर्षकांभोवती काहींनी वर्तुळे काढलेली असत आणि क्वचित एखाद्या नावापुढे ज्याच्याकडून अंक आणायचा त्या मित्राचे नाव लिहिलेले असे. अशा पाच-पंचवीस याद्या एकत्र ठेवल्या, तर त्या काळात साताऱ्यापर्यंत कोणते अंक पोहोचत होते आणि कोणते केवळ यादीतच राहत होते, याचे एक चित्र उभे राहते. हे चित्र दुसऱ्या कोणत्याही कागदावर नोंदलेले नाही. असे असूनही जुने अंक स्कॅन करणारी मंडळी कथेची पाने तेवढी घेतात आणि जाहिरातीची पाने गाळतात. ती गाळू नयेत, एवढीच माझी विनंती आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

मिरज_जंक्शन

धागा अतिशय आवडला. आमचे बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले आणि मिरज जंक्शनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मराठीपेक्षा हिंदी कॉमिक्स अधिक येत, त्यामुळे माझ्या आठवणी डायमंड आणि राज या दोन प्रकाशनांच्या आहेत.

१९७८ मध्ये सुरू झालेल्या डायमंड कॉमिक्समध्ये ‘अंकुर बाल बुक क्लब’चे पान असे. सभासद झाले की दर महिन्याचा नवा संच व्ही.पी.ने घरी येत असे आणि त्यावर सवलत मिळे. व्ही.पी. म्हणजे पोस्टमनला पैसे दिल्यावरच पाकीट हातात मिळणार. त्यामुळे ते पैसे त्या दिवशी घरात असणे आवश्यक होते, आणि महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी ते नसत. ते कूपन भरण्याची परवानगी मला कधीच मिळाली नाही. तरीही मी ते दर अंकात भरत असे, म्हणजे नाव, पत्ता, पिनकोड सुवाच्य अक्षरांत लिहीत असे आणि अंक कपाटात ठेवून देत असे. माझ्या संग्रहातील अनेक अंकांवर अशी भरलेली, न पाठवलेली कूपने आहेत. कूपन कापायचे तर त्याच्या मागच्या बाजूच्या पानाचाही तुकडा जाई, आणि तो मला जाऊ द्यायचा नव्हता, हेही खरे.

राज कॉमिक्सची पद्धत वेगळी होती. १९८६ मध्ये नागराज आणि १९८७ मध्ये सुपर कमांडो ध्रुव हे नायक आल्यानंतर त्यांच्या आगामी संचांच्या जाहिराती एवढ्या दणदणीत असत की, स्टॉलवाल्याला आम्ही अंकाचे नाव सांगण्याऐवजी जाहिरातीतले चित्रच दाखवत असू. विशेषांकाबरोबर स्टिकर किंवा पोस्टर मोफत मिळणार, हे आधीच छापलेले असे. १९९०च्या दशकात राज कॉमिक्सचे संजय गुप्ता यांचे ‘ग्रीन पेज’ येऊ लागले आणि प्रकाशक थेट वाचकाशी बोलू लागला. कोणत्या अंकाचे काम चालू आहे, तो का लांबला, वाचकांनी पत्रांत काय विचारले आहे, हे सर्व त्यात असे. दिल्लीतल्या कार्यालयात काय चालले आहे याची वार्ता मिरजेतल्या मुलाला मिळावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. शाळेत मला परीक्षेपुरते हिंदी शिकवले गेले, पण पत्रलेखनाचे हिंदी मी या पानांवरून शिकलो.

चारभिंती

धागाकर्त्यांच्या भावनेचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो.

जुने अंक स्कॅन करण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना किती पानांमागे किती वेळ जातो हे ठाऊक आहे. कागद ठिसूळ झालेला असतो, पिना गंजलेल्या असतात आणि प्रत्येक पान उलटताना कोपरा तुटण्याची भीती असते. अशा वेळी कथा आधी वाचवावी आणि जाहिराती नंतर पाहाव्यात, हा क्रम मला योग्य वाटतो. दुसरे असे की, आपण मुले होतो म्हणून त्या जाहिराती आपल्याला गोड वाटतात; प्रकाशकाच्या दृष्टीने ती विक्रीची सोय होती. मधल्या पानावर जाहिरात आली की कथेचे एक पान कमी झाले, असा हिशेब मी तेव्हाही करत असे. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी निर्माण केलेला नायक बहादूर मला फार प्रिय होता, आणि त्याच्या प्रत्येक पानाचा मोबदला मला हवा असे.

यवतेश्वर

चारभिंती, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. मी अमेरिकी कॉमिक्सच्या इतिहासातून ते देण्याचा प्रयत्न करतो, कारण तेथे या जाहिरातींना पुराव्याचे मोल आलेले आहे.

१९७८च्या उन्हाळ्यात डीसी कॉमिक्सने अंकातील कथेची पाने १७ वरून २५ केली आणि किंमत ३५ सेंटवरून ५० सेंटवर नेली. या विस्ताराला त्यांनी ‘डीसी एक्स्प्लोजन’ असे नाव देऊन जाहिरातींचा मोठा धडाका लावला. विक्री आधीच खालावलेली होती. त्याआधीच्या हिवाळ्यातील हिमवादळांनी अंकांची वाहतूक आणि विक्री विस्कळीत केली होती. विस्ताराच्या जाहिराती बाजारात असतानाच मालक कंपनी वॉर्नरकडून कपातीचा आदेश आला आणि अनेक मालिका एकदम बंद झाल्या. ‘व्हिक्सन’ नावाच्या नायिकेच्या स्वतंत्र मालिकेची जाहिरात झाली होती, पण तिचा पहिला अंक आलाच नाही. ते पात्र १९८१ मध्ये अ‍ॅक्शन कॉमिक्समध्ये आले. बंद पडलेल्या अंकांचा तयार मजकूर ‘कॅन्सल्ड कॉमिक कॅव्हलकेड’ या नावाने सुमारे ३५ छायाप्रतींत काढला गेला, आणि तोही स्वामित्वहक्काची नोंद व्हावी म्हणून. सामान्य वाचकाच्या हाती त्या अंकांपैकी काही पडलेच असेल, तर ती त्यांची जाहिरात होय. जाहिरातीची पाने गाळून संग्रह केला असता, तर प्रकाशकाची ती योजना वाचकांच्या बाजूने पूर्णपणे पुसली गेली असती.

या जाहिराती कोणी काढल्या, हाही अभ्यासाचा भाग आहे. डीसीच्या १९५० आणि १९६०च्या दशकांतील स्वतःच्या अंकांच्या जाहिरातींपैकी फार मोठा भाग आयरा श्नॅप या अक्षरकाराच्या (हाताने अक्षरे काढणाऱ्या कलावंताच्या) हातचा आहे. सुपरमॅनचे सर्वपरिचित शीर्षक १९४० मध्ये नीटस करणारेही तेच. अक्षरांची वळणे, फुगीर सावल्या आणि चौकटीत शब्द बसवण्याची त्यांची रीत इतकी स्वतंत्र आहे की, जाणकार मंडळी स्वाक्षरी नसतानाही ते काम ओळखतात. कथेच्या पानावर चित्रकाराचे चित्र पुढे असते आणि अक्षरकार मागे राहतो, पण जाहिरातीच्या पानावर अक्षरकारालाच मोकळे रान मिळते. आपल्याकडे मराठी आवृत्त्यांसाठी शीर्षके ज्यांनी हाताने रंगवली, त्यांची नावे छापली गेली नाहीत. त्यांचे काम पाहायचे तर तेही मुखपृष्ठावर आणि या जाहिरातींतच पाहावे लागेल.

डीसीची प्रतिस्पर्धी असलेल्या मार्व्हलने १९६५ पासून ‘बुलपेन बुलेटिन्स’ हे पान सुरू केले आणि त्यात महिन्याच्या अंकांची यादी दिली. मिरज_जंक्शन यांनी ‘ग्रीन पेज’विषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी या पानाचे नाते अगदी जवळचे आहे. मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांनी लेखक-चित्रकारांना टोपणनावे देऊन वाचकाला कार्यालयातलाच एक करून घेतले. १९७४ मध्ये मार्व्हलने पत्रांच्या पानावर कापून चिकटवायची ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ नावाची तिकिटासारखी मुद्रा छापायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१व्या अंकात वुल्व्हरिन हे पात्र प्रथमच पूर्ण कथेत आले, आणि त्यातलीही मुद्रा असंख्य मुलांनी कापून घेतली. आज मुद्रा शाबूत असलेल्या प्रतीची किंमत कापलेल्या प्रतीच्या कितीतरी पट आहे. मिरज_जंक्शन यांनी कूपने न कापता भरून ठेवली, याचा मला म्हणूनच विशेष आनंद झाला.

कृष्णाकाठ

मी सांगलीच्या गावभागात राहते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होते आणि वडिलांच्या कॉमिक्सच्या दोन्ही ट्रंका तळमजल्यावर होत्या. त्यातून मी जे शिकले, ते या धाग्याशी थेट जोडलेले आहे म्हणून लिहिते.

पाणी ओसरल्यावर ट्रंका विश्रामबागेत मावशीकडे नेल्या आणि अंक पलंगावर पसरून वाळवले. आतली पाने, म्हणजे साध्या न्यूजप्रिंटची पाने, फुगली, पिवळी पडली आणि वेडीवाकडी झाली. पण ती सुटी झाली आणि कथा वाचता येतात. मुखपृष्ठाचा गुळगुळीत कागद मात्र दगावला. अशा कागदावर मातीसारख्या द्रव्याचा आणि चिकट पदार्थाचा लेप असतो. पाण्याने तो मऊ होतो आणि दोन पृष्ठे एकमेकांना लागून वाळली की त्यांची एकच पाटी होते. एका अंकाचे मलपृष्ठ दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाला असे चिकटले की, सोडवताना दोन्हींची छपाई सोलून निघाली. याद्या, पुढील अंकांच्या चौकटी आणि वर्गणीची पाने मुखपृष्ठाच्या आतल्या आणि मागच्या बाजूला होती, त्यामुळे आमच्या घरातून जाहिराती गेल्या आणि कथा राहिल्या. चारभिंती म्हणतात तो क्रम आमच्या बाबतीत पाण्याने लावला, आणि तो किती अपुरा आहे हे मी रोज पाहते. मुखपृष्ठ नसलेल्या अंकाचा क्रमांक कळत नाही. वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेल्या तारखाही त्या पानांबरोबर गेल्या.

ज्यांची घरे नदीकाठी आहेत त्यांच्यासाठी सांगते. भिजलेले अंक एकावर एक ठेवून वाळवू नका. गुळगुळीत पाने ओली असतानाच, ती सहज सुटत असतील तर, त्यांच्यामध्ये बटर पेपर घाला. सुटत नसतील तर ओढू नका. वेळ नसेल तर प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा; गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि पुढे एकेक अंक बाहेर काढून शांतपणे सोडवता येतो. हे मला पूर ओसरल्यानंतर पुष्कळ दिवसांनी एका कागदसंवर्धकाने सांगितले.

पुठ्ठाबांधणी

माझा व्यवसाय पुस्तकबांधणीचा आहे, साताऱ्यातच. पुरात न सापडलेल्या अंकांतूनही ही पाने का नाहीशी होतात, ते मला सांगता येईल.

कॉमिक्सचे मुखपृष्ठ म्हणजे एकच मोठा कागद मध्ये दुमडून दोन पिनांनी अडकवलेला असतो. त्याला चार बाजू होतात : मुखपृष्ठ, त्याची आतली बाजू, मलपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ. भाड्याने कॉमिक्स देणारी दुकाने अंक टिकावेत म्हणून पिना काढत, तो कागद बाजूला करत, आतल्या पानांना जाड पुठ्ठा लावत आणि पुढचे चित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवत. त्या क्षणी उरलेल्या तीन बाजू संपल्या : एक डिंकाखाली गेली आणि दोन रद्दीत. घरगुती संग्रहाचे दहा-दहा अंक एकत्र बांधायला येत, तेव्हाही गिऱ्हाइकाचेच सांगणे असे की, मधली मुखपृष्ठे काढा, म्हणजे जाडी कमी होईल आणि ग्रंथ नीट उघडेल. वरून तिन्ही बाजूंनी कटिंग होई, त्यात पानाच्या कडेला छापलेली ओळ जाई.

आता असे काम आले तर मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो. मुखपृष्ठे काढायचीच असतील तर ती सपाट करून वेगळ्या पाकिटात ग्रंथाच्या मागे ठेवून देतो आणि कटिंग करत नाही. त्याने कडा एकसारख्या दिसत नाहीत, पण पान पूर्ण राहते.

चारभिंती

पुठ्ठाबांधणी आणि कृष्णाकाठ यांच्या प्रतिसादांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली, ती अशी की कथा आणि जाहिरात वेगळ्या कागदांवर होत्या आणि म्हणून त्यांचे भवितव्य वेगळे झाले. हा विचार मी केला नव्हता. वेळ मर्यादित असताना आधी कथा घ्यावी, हे माझे मत अजूनही कायम आहे. मात्र मुखपृष्ठाचा कागद हा चारच बाजूंचा असतो आणि तो स्कॅन करायला फारसा वेळ लागत नाही, हे मान्य करतो.

माझा एक प्रश्न आहे. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक माझ्या माहितीतल्या एकाही संग्रहात नाहीत. कोणाकडे त्यांच्या जाहिराती आहेत का?

संगममाहुली

चारभिंती, ते दोन अंक निघालेच नाहीत. टाइम्समधील संपामुळे ते क्रमांक रिकामे राहिले, आणि म्हणून एकूण अंक ८०३ भरतात. आमच्या शाळेतील एका वर्गमित्राने या दोन क्रमांकांसाठी पुण्यातली रद्दीची दुकाने पालथी घातली होती. १२२व्या अंकात पुढील अंकाची चौकट होती का आणि असल्यास तिच्यात काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे हा अंक मुखपृष्ठासह असेल, त्यांनी कृपया तेवढी बाजू येथे द्यावी; मराठी आवृत्तीचा असेल तर फारच उत्तम.

आपण सर्वांनी काम कसे करावे, याविषयी माझा प्रस्ताव असा आहे. कथांवर प्रकाशकांचे हक्क आहेत, त्यामुळे कथांची पाने येथे देऊ नयेत. प्रत्येकाने आपल्या अंकाचा क्रमांक, भाषा आणि छापलेली किंमत लिहावी, मग मुखपृष्ठाच्या चारही बाजूंपैकी प्रकाशकाची स्वतःची जाहिरात कोठे आहे आणि तिच्यात कोणत्या शीर्षकांचा उल्लेख आहे, ते नोंदवावे. पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्या खोडू नयेत. कोणत्या शीर्षकापुढे खूण आहे आणि अंक कोणत्या गावातून मिळाला, एवढे लिहिले तरी पुरे. पुढे इंद्रजालने सरळ क्रमांक सोडून वर्ष आणि अंक अशी पद्धत स्वीकारली. त्या काळातील सुटे अंक क्रमाने लावायलाही पुढील अंकाच्या चौकटींचा उपयोग होईल, कारण प्रत्येक अंक आपल्या नंतरच्या अंकाचे नाव सांगतो. कृष्णाकाठ यांच्याकडील मुखपृष्ठ गेलेल्या अंकांची ओळखही याच रीतीने पटू शकेल : त्यांनी कथेचे शीर्षक द्यावे, आणि त्याआधीचा अंक ज्यांच्याकडे शाबूत आहे त्यांनी त्यातील चौकट तपासावी.

कृष्णाकाठ

हे करता येईल. मुखपृष्ठ नसलेल्या अंकांची शीर्षके रविवारी येथे लिहिते. त्यांत वेताळाचे सर्वांत अधिक आहेत, जादूगार मँड्रेकचे थोडे आहेत आणि बहादूरचे दोन आहेत. बहादूरच्या एका अंकाचे मलपृष्ठ अर्धे शाबूत आहे आणि त्यावर पुढील अंकाच्या शीर्षकाची शेवटची दोन अक्षरे दिसतात.

मिरज_जंक्शन

माझ्या भरलेल्या कूपनांपैकी ज्यांवर तारीख घातलेली आहे, त्यांची यादी करतो. हिंदी अंकांच्या नोंदी याच धाग्यात द्याव्यात की वेगळ्या?

संगममाहुली

याच धाग्यात द्याव्यात. भाषेचा उल्लेख तेवढा आरंभी करावा.